जुन्या ट्रॅक्टरचा क्लच : पेरणीआधी तपासा, एकदाच नीट दुरुस्त करा

(मंगळवेढा येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



मी कृषिविद्या हा विषय शिकवतो. ज्वारीचे वाण, पेरणीची वेळ, जमिनीतील ओल टिकवणे हे माझे रोजचे काम. मग आज हा माणूस ट्रॅक्टरच्या क्लचवर का बोलतो आहे, असे काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर तुमच्याच शिवारात आहे.

मंगळवेढ्याची जमीन भारी, काळी आणि खोल. इथली ज्वारी पडत्या पावसावर वाढत नाही, ती जमिनीत साठलेल्या ओलीवर उभी राहते. माळदांडी ३५-१ हा वाण शेजारच्या मोहोळ येथे स्थानिक माळदांडीतून निवडून काढला गेला आणि इतक्या वर्षांनंतरही तुमच्या रानात टिकून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी, अशी शिफारस आहे. कागदावर हा महिना दिसतो. रानात मात्र तो महिना नसतो. पाऊस पडला की चार-सहा दिवस चिखलात पाय घालता येत नाही. मग वाफसा येतो आणि ऊन तापले की वरचा थर लगेच सुकू लागतो. पेरणीचे खरे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

समजा, तुमच्या ट्रॅक्टरवर दिवसाला आठ एकर पेरणी होते आणि नेमक्या वाफशात क्लच गेला. ट्रॅक्टर उघडणे, सुटे भाग आणणे, लेथवर काम करून घेणे, परत जोडणे यात पाच दिवस सहज जातात. म्हणजे चाळीस एकरांची पेरणी पुढे गेली. भाड्याने दुसरा ट्रॅक्टर घ्यावा तर त्या आठवड्यात गावातला एकही ट्रॅक्टर मोकळा नसतो. ओल उडालेल्या रानात पेरलेले बी नीट उगवत नाही, आणि गेलेला वाफसा कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. म्हणून क्लच हा माझ्या दृष्टीने कृषिविद्येचाही विषय आहे.

आज मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, क्लच एका दिवसात जात नाही, तो आधी बरेच दिवस सूचना देत असतो. दुसरी, नुसती प्लेट बदलणे म्हणजे क्लच दुरुस्त करणे नव्हे. प्लेट का झिजली ते शोधले नाही, तर तोच खर्च वर्षभरात पुन्हा करावा लागतो.

आपले जुने ट्रॅक्टर

आपल्याकडे वीस-तीस वर्षे चाललेले ट्रॅक्टर आजही कामात आहेत. आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरीदाबाद येथे तयार झाला. १९६३ साली मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचे बी-२७५ ट्रॅक्टर महाराष्ट्रात खूप चालले. ही कंपनी १९७७ साली महिंद्रमध्ये विलीन झाली. स्वराज १९७४ साली आला. यातील अनेक मॉडेलांची मूळ रचना पुढे बरीच वर्षे चालू राहिली, त्यामुळे त्यांचे सुटे भाग मिळतात आणि काम जाणणारे मिस्त्रीही भेटतात. जुना ट्रॅक्टर ठेवण्यात कमीपणा काही नाही. मात्र त्याची झीज ओळखता आली पाहिजे.

या सर्व ट्रॅक्टरांत एक गोष्ट समान आहे. जीपला किंवा मालट्रकला खाली लोखंडी चौकट असते, ट्रॅक्टरला ती नसते. १९१७ साली अमेरिकेत निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरपासून इंजिन, क्लच हौसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडून त्यांचाच कणा करण्याची पद्धत रूढ झाली. यामुळे ट्रॅक्टर स्वस्त व मजबूत झाला, पण क्लचपर्यंत पोचायचे तर हा कणाच मधून सोडवावा लागतो. काम मोठे होते ते यामुळे. म्हणूनच एकदा उघडल्यावर आतले सर्व भाग तपासून घेणे शहाणपणाचे.

क्लच काम कसे करतो

इंजिनच्या मागे फ्लायव्हील फिरते. त्याच्यावर प्रेशर प्लेट बोल्टने बसवलेली असते आणि या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट असते. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरतात आणि इंजिनची ताकद गिअरबॉक्सच्या शाफ्टला मिळते. आपण पेडल दाबले की फोर्क पुढे सरकतो, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबते, स्प्रिंगांचा दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते.

प्लेटची लायनिंग झिजत गेली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने सरकते आणि तिची बोटे मागे, बेअरिंगकडे येतात. म्हणून लायनिंग झिजते तशी पेडलची मोकळी चाल कमी होत जाते. ही चाल पूर्ण संपली की बेअरिंग सतत बोटांवर घासते, बोटे थोडी दाबलेलीच राहतात आणि प्लेट पूर्ण पकड घेत नाही. ती घसरते, तापते, आणखी झिजते. एक-दीड महिन्यात होणारी झीज मग चार दिवसांत होते.

न उघडता करावयाची तपासणी

पेडल हाताने दाबून पाहा. बोटांवर बेअरिंग टेकेपर्यंत पेडल हलके जाते आणि मग जड लागते. हा हलका भाग म्हणजे मोकळी चाल. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत ती साधारण एक इंच असावी; नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. चाल कमी असेल तर जोडदांड्याची लांबी बदलून ती बरोबर करून घ्यावी. या कामाला दोन पाने आणि दहा मिनिटे पुरतात. वारंवार चाल लावूनही ती लगेच संपत असेल, तर लायनिंग संपत आली असे समजावे.

क्लच घसरतो का, हे असे पाहावे. ट्रॅक्टर सपाट, मोकळ्या जागी उभा करावा. पुढे-मागे कोणी नसावे. दोन्ही ब्रेक एकत्र दाबून खटक्याने अडकवावेत. वरचा गिअर टाकून, इंजिन मध्यम वेगावर ठेवून पेडल हळूहळू सोडावे. क्लच चांगला असेल तर इंजिन दबून बंद पडते. इंजिन चालूच राहिले आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही, तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केल्यास प्लेट तापून खराब होते.

पेडल पूर्ण दाबूनही गिअर टाकताना खरखर आवाज येत असेल तर क्लच सुटत नाही. मोकळी चाल जास्त असणे, प्लेट वाकणे, शाफ्टच्या स्प्लाईनवर प्लेट अडकणे किंवा बोटांची उंची कमीजास्त असणे ही त्याची कारणे असतात. ट्रॅक्टर निघताना थरथरत असेल तर लायनिंगला तेल लागले असण्याची किंवा बोटे समपातळीत नसण्याची शक्यता असते. पेडलवर पाय टेकताच घरघर सुरू झाली तर बहुधा रिलीज बेअरिंग गेले आहे.

आणखी एक जागा आवर्जून पाहावी. अनेक ट्रॅक्टरांच्या क्लच हौसिंगच्या तळाला एक लहान भोक असते व त्यात दुमडलेली पिन लोंबत असते. आत गळलेले तेल बाहेर यावे म्हणून ते ठेवलेले असते. चिखल बसून ते बुजते, म्हणून पिन हलवून मोकळे करावे. तेथून काळे, पातळ तेल गळत असेल तर इंजिनचे मागचे ऑईल सील गेले आहे. घट्ट, तीव्र वासाचे तेल असेल तर ते गिअरबॉक्सचे आहे, म्हणजे शाफ्टचे सील गेले आहे. तेल लागलेली लायनिंग कितीही जाड असली तरी घसरते. पेट्रोलने धुऊन ती सुधारत नाही, कारण तेल आत मुरलेले असते. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही थोड्याच दिवसांत तशीच होते.

उघडताना जीव सांभाळा

ट्रॅक्टर मधून सोडवण्याचे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. तरीही मालकाने जवळ राहून काही गोष्टी पाहाव्यात. जमीन पक्की व सपाट असावी. बॅटरीची तार आधी काढावी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत.

पुढचा आस मध्ये एका पिनेवर झुलत असतो, हे लक्षात ठेवा. ट्रॅक्टर अखंड असताना मागची चाके तोल सांभाळतात. मधला जोड सुटला की पुढचा अर्धा भाग, इंजिनसह, कुशीवर कलंडू शकतो. म्हणून बोल्ट ढिले करण्यापूर्वी पुढच्या आसावर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी घट्ट मारून आस पक्का करावा. इंजिनखाली व गिअरबॉक्सखाली स्वतंत्र, भक्कम घोड्या द्याव्यात. नुसत्या जॅकवर किंवा रचलेल्या विटांवर कधीही भरवसा ठेवू नये. लहान मुलांना त्या जागी फिरकू देऊ नये.

क्लचची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. त्रास कित्येक वर्षांनी दिसतो. नाकाला मास्क लावून, ओल्या फडक्याने धूळ पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून पुरून टाकावे.

काय दुरुस्त करावे, काय बदलावे

आता मुख्य मुद्दा. झिजलेला प्रत्येक भाग फेकायचा नसतो आणि प्रत्येक भाग डागडुजी करून चालतही नाही.

क्लच प्लेट : रिव्हेटची डोकी लायनिंगच्या पृष्ठभागाला आली असतील तर लायनिंग संपली. अर्धा मिलिमीटर शिल्लक असली तरी बदलावी, कारण तेवढ्यासाठी पुन्हा ट्रॅक्टर उघडणे परवडणारे नाही. प्लेटचा पत्रा सरळ असेल, मधल्या स्प्रिंगा घट्ट असतील आणि हबच्या खाचा झिजल्या नसतील, तर त्याच प्लेटवर नवी लायनिंग रिव्हेट करून घेता येते. दोन्ही बाजूंची लायनिंग एकाच जाडीची असावी व रिव्हेट खोल बसलेले असावेत. स्प्रिंगा खुळखुळत असतील, पत्रा चिरला किंवा वाकला असेल, तर पूर्ण प्लेटच नवी घ्यावी.

फ्लायव्हील : पृष्ठभागावर पोलादी पट्टी उभी धरून पाहावी. रिव्हेटने पाडलेले चर, निळे डाग किंवा बारीक चिरा दिसतात. चर व डाग उथळ असतील तर लेथवर हलका हात देऊन पृष्ठभाग सपाट करता येतो. गरजेपेक्षा जास्त धातू काढू नये. प्रेशर प्लेट ज्या कडेवर बसते ती कड वेगळ्या पातळीत असेल, तर जितके आतून काढले तितकेच कडेवरूनही काढावे लागते, नाहीतर स्प्रिंगांचा दाब बदलतो. खोल चिरा असतील तर फ्लायव्हील बदलावे. चिरलेले फ्लायव्हील वेल्डिंग करून वापरणे जिवाशी खेळ आहे.

प्रेशर प्लेट : हिचाही पृष्ठभाग हलका घासून घेता येतो. सर्व स्प्रिंगा काढून सपाट फरशीवर शेजारी शेजारी उभ्या कराव्यात. एखादी बुटकी किंवा तापून निळी पडलेली असेल तर सगळ्या स्प्रिंगा एकदम बदलाव्यात. स्प्रिंगा दाबलेल्या असतात, म्हणून ही जुळणी प्रेसखाली धरूनच उघडावी. एरवी स्प्रिंग उडून डोळा जाऊ शकतो.

बोटे व पिना : बोटांची टोके झिजली असतील तर काही कारागीर त्यावर कठीण धातूचे वेल्डिंग करून घासून देतात. अडचणीच्या वेळी हे चालते. पण तिन्ही बोटांची उंची एकसारखी ठेवली तरच. पिनेची भोके लांबट झाली असतील तर बोटांचा नवा संचच घ्यावा.

रिलीज बेअरिंग व पायलट बेअरिंग : ही दोन्ही बदलूनच टाकावीत, फिरवून चांगली वाटली तरीही. एकूण खर्चाच्या मानाने त्यांची किंमत थोडी असते आणि त्यांच्यासाठी पुन्हा पूर्ण ट्रॅक्टर उघडावा लागतो. नवे बंद प्रकारचे रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुऊ नये, आतले ग्रीस निघून जाते.

फोर्क, त्याचा शाफ्ट व बुश : हे भाग आपल्याकडच्या कारागिरांच्या हातचे आहेत. फोर्कची झिजलेली टोके वेल्डिंगने भरून मापाला घासता येतात. गनमेटलचे बुश लेथवर करून मिळतात. याकडे बहुधा कोणी पाहत नाही. पण बुश ढिले असतील तर पेडलची अर्धी चाल तेथेच वाया जाते.

गिअरबॉक्सचा शाफ्ट : स्प्लाईनवर बोट फिरवून पाहा. पायरी लागली तर प्लेट तेथे अडकते आणि क्लच सुटत नाही. बारीक कड कानसीने मोडता येते. खोल पायरी असेल तर शाफ्ट बदलावा. वेल्डिंगने भरलेल्या स्प्लाईनला मूळची कठीणता राहत नाही.

दोन्ही ऑईल सील : ही नवीच घालावीत.

ज्यांच्या ट्रॅक्टरला दुहेरी क्लच आहे, त्यांनी पी.टी.ओ.ची प्लेटही याच वेळी पाहावी. या रचनेत पेडल अर्धे दाबले की ट्रॅक्टरची चाल थांबते आणि पूर्ण दाबले की पी.टी.ओ. थांबतो. दोन्ही प्लेटांची बोटे वेगवेगळी लावावी लागतात. पुस्तिकेतील मापाशिवाय हे काम अंदाजाने करू नये.

जोडताना

प्लेटची बाजू पाहून घ्या. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टला घासते. प्लेट मध्यावर धरण्यासाठी जुन्या शाफ्टचा तुकडा किंवा लाकडी डमी वापरावी. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत. बोटांची उंची मोजून सारखी करावी. स्प्लाईनला ग्रीसचा फक्त पुसट हात द्यावा, जास्तीचे ग्रीस उडून लायनिंगवर जाते.

ट्रॅक्टरचे दोन भाग जवळ आणताना शाफ्ट खाचांत बसला नाही तर बोल्ट आवळून भाग ओढू नका. अशाने नवी प्लेट पहिल्याच दिवशी वाकते. इंजिन हाताने किंचित फिरवावे, खाचा जुळल्या की भाग आपोआप मिळतात. शेवटी मोकळी चाल लावावी. सुरुवातीचे काही तास हलके काम घेऊन चाल पुन्हा तपासावी. जुने भाग मिस्त्रीकडून मागून घ्या व पाहा. झीज कुठे आणि कशी झाली, हे ते भागच सांगतात.

क्लच चालकाच्या पायात असतो

चांगली दुरुस्ती किती टिकेल हे शेवटी चालकावर आहे. चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवणे ही सर्वात वाईट सवय. पाय खाली फळीवर असावा. उभे राहायचे असेल तर गिअर काढून पेडल सोडावे. चढावर ट्रॉली अर्ध्या क्लचवर तोलून धरू नये, ब्रेक लावावा. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या भरून निघताना खालच्या गिअरनेच सुरुवात करावी. रोटाव्हेटर सुरू करताना आधी इंजिनचा वेग कमी करावा.

आणखी एक गोष्ट मी कृषिविद्येचा माणूस म्हणून सांगतो. वाफसा येण्याआधी काळ्या रानात ट्रॅक्टर घालू नका. चाके जागीच फिरतात, चालक झटक्याने क्लच सोडतो आणि प्लेट जळते. त्याच वेळी ओली काळी माती चाकाखाली दाबली जाते, तिच्यात पाणी मुरत नाही, मुळे खाली जात नाहीत. घाईने क्लच जातो आणि जमीनही बिघडते.

हे काम कधी करावे? आपल्या भागात रब्बीची भारी राने खरिपात पड असतात. उन्हाळी नांगरट झालेली असते, पाळ्या अधूनमधून चालतात. जुलै-ऑगस्टमध्ये ट्रॅक्टरला चार दिवस सलग मिळतात आणि मिस्त्रीही तेव्हा रिकामा असतो. आपण सणाला बैल धुतो, त्याचे खांदे मळतो, त्या दिवशी त्याला जुंपत नाही. पुढच्या कामाआधी जनावराची तब्येत पाहण्याची ती आपली जुनी रीत आहे. त्याच दिवसांत ट्रॅक्टरचीही मोकळी चाल मोजा, तळाची पिन हलवून तेल पाहा, घसरण्याची चाचणी एकदा करा. या तिन्ही गोष्टींना अर्धा तास लागतो आणि एक रुपयाही खर्च येत नाही. दोष दिसला तर हातात अजून महिना असतो. मग सप्टेंबरात वाफसा येईल त्या सकाळी ट्रॅक्टर तुमच्या रानात असेल, मिस्त्रीच्या दारात नसेल.

 आता तुमचे प्रश्न विचारा.